थंडीतले स्वस्त हॉटेल : आधी प्रदर्शनाच्या तारखा पाहा

व्यापारी बंधूंनो, नाताळ आणि नववर्षाचे दिवस वगळले तर नोव्हेंबर ते मार्च युरोपात पर्यटक कमी असतात. पॅरिस, रोमची हॉटेले भाडे उतरवतात. पण हा हिशेब फ्रँकफुर्टला चालत नाही. १९७१ साली सुरू झालेले पडदे-चादरींच्या मालाचे 'हाइमटेक्स्टिल' प्रदर्शन तिथे जानेवारीत भरते आणि ऐन थंडीत खोल्यांचे भाव कडाडतात. म्हणून आधी तारखा पाहा, मग खोली शोधा. प्रदर्शनालाच जायचे असेल तर माइन्झला मुक्काम करून पाहा. तिथून एस-८ लोकल सुमारे ४० मिनिटांत फ्रँकफुर्टच्या मुख्य स्टेशनवर आणते. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला मुक्कामाचा पुरावा लागतो, तेव्हा पैसे न कापता रद्द होणारी खोलीच राखून ठेवा. मालावर कमावलेला नफा खोलीभाड्यात घालवू नका.