शिरपामाळावरून दिसणारा साम्राज्यवाद: सागवान, स्लीपर आणि 'पडीक' जमीन

मागच्या वेळी सिनॉप्सिस कसा लिहावा यावर बोललो होतो. आज थोडं बाजूला जाऊ. विषय इतिहासाचा वाटेल, पण विज्ञान शाखेतून पीएचडीकडे वळणाऱ्यांनी तो जास्त लक्ष देऊन वाचावा. का ते पुढे कळेलच.

जव्हारला आलात तर शिरपामाळावर नक्की जा. जानेवारी 1664 मध्ये सुरतेवर जाताना शिवाजी महाराज इथे थांबले, जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांचं स्वागत केलं, शिरपेच चढवला गेला आणि त्यावरून माळाला हे नाव पडलं, असं इथे सांगतात. त्याच स्वारीत सुरतेचे इंग्रज काय करत होते? जॉर्ज ऑक्झेंडन नावाचा त्यांचा प्रमुख आपली वखार कशीबशी राखून बसला होता. तेवढीच त्यांची ताकद. एक वखार, काही माणसं, काही बंदुका.

आता 1878 मध्ये या. त्याच इंग्रजांचं सरकार एक कायदा करतं आणि या माळाच्या आसपासची डोंगररांग सरकारी मालकीची ठरू लागते. आपल्या आजीच्या आजीने ज्या ऐनाच्या फांद्या तोडून राब भाजला, ती फांदी तोडणं गुन्हा होऊ शकतं. वखार राखणारा माणूस दोनशे वर्षांत जंगलाचा मालक कसा झाला? 'औद्योगिक युगातील युरोपीय साम्राज्यवाद: कारणे, पद्धती आणि समर्थने' हा प्रश्न नेट-सेटच्या गाईडमध्ये तीन पानांत उरकलेला असतो. मी तो इथूनच समजून घेतला.

कारणांपासून सुरुवात करू, पण पाठ्यपुस्तकातली 'कच्चा माल आणि बाजारपेठ' ही जोडगोळी म्हणून पुढे जायचं नाही. माल कोणता, कुठे लागला, किती लागला ते विचारायचं. सागवान आधी जहाजांना लागलं. इंग्लंडातला ओक कमी पडू लागला तेव्हा मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळी पश्चिम किनाऱ्यावरच्या सागाची जहाजं ब्रिटिश आरमारासाठी बांधत होती. 1813 मध्ये इथे पाण्यात उतरलेलं 'कॉर्नवॉलिस' हे त्यातलंच एक. 1842 मध्ये पहिल्या अफूयुद्धानंतर चीनला ज्या नानकिंग तहावर सही करावी लागली, ती सही याच जहाजावर झाली. आपल्या बाजूचं लाकूड चीनच्या पराभवाला साक्षीदार म्हणून हजर होतं! (हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी अर्धा तास दुसरं काही वाचलं नाही.)

मग रेल्वे आली. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे, 21 मैल. रुळाखाली मैलाला साधारण 1,760 ते 2,000 स्लीपर लागत. कमीत कमी आकडा धरला तरी त्या एका पट्ट्याला सुमारे 37 हजार स्लीपर. 1910 पर्यंत देशात लोहमार्ग 51,658 किलोमीटर झाला होता. म्हणजे सुमारे 32,100 मैल. गुणाकार करा: साडेपाच कोटींच्या वर. लाकूड कुजलं की बदलायचं, ते वेगळं. सगळे स्लीपर इथल्या जंगलातले नव्हते, युरोपातून डांबरासारखं क्रिओसोट पाजलेलं लाकूड यायचं, लोखंडीही वापरले गेले. त्यामुळे हा आकडा 'किती झाडं पडली' याचा पुरावा म्हणून कुठे छापू नका. भूक किती मोठी होती, एवढाच अंदाज त्यातून घ्यायचा. नकाशा काढलात तर दिसेल की जव्हार-मोखाडा दोन लोहमार्गांच्या बेचक्यात आहे. एका अंगाला किनाऱ्याने सुरतेकडे जाणारा, दुसऱ्या अंगाला थळ घाट चढून 1865 मध्ये इगतपुरीला पोहोचलेला.

रेल्वेचा पैसा कुठून आला? लंडनच्या भांडवलदारांकडून. पण धोका त्यांनी घेतला नाही. कंपन्यांना पाच टक्के परताव्याची हमी होती. नफा कमी पडला तर फरक हिंदुस्थानच्या महसुलातून भरून निघे. 1902 मध्ये हॉब्सन या इंग्रज अर्थतज्ज्ञाने लिहिलं की घरी गुंतवायला जागा नसलेलं भांडवल साम्राज्याला बाहेर ढकलतं. आपल्याकडे दादाभाई नौरोजी संपत्तीच्या या निचऱ्याचा हिशोब त्याच्या कितीतरी आधीपासून मांडत होते. सिद्धांताच्या प्रकरणात हॉब्सन आणि लेनिन दोघेच टाकणाऱ्यांनी जरा विचार करावा.

आता पद्धती. तोफा आणि बंदुका होत्याच, पण 1818 मध्ये पेशवाई बुडाल्यावर आपल्या भागात मुख्य काम कागदाने केलं. 1864 मध्ये जर्मन वनतज्ज्ञ डीट्रिक ब्रँडिस वनविभागाचा प्रमुख झाला. 1865 चा पहिला कायदा ढिला वाटला म्हणून 1878 चा आला. त्यात जंगल राखीव करायचं असेल तर सरकारने अधिसूचना काढायची, लोकांनी आपला हक्क सांगायचा. मुदत किमान तीन महिने. दावा केला नाही तर सर्वसाधारणपणे हक्क संपला. पाड्यावरच्या ज्याला वाचता येत नाही, ज्याचा हक्क कधी कागदावर नव्हताच, त्याने तीन महिन्यांत अधिकाऱ्यापुढे जाऊन तो सांगायचा. पुरावा देण्याचं ओझं सरकारवरून उचलून वारली, कोकणा, कातकरी, महादेव कोळी यांच्या डोक्यावर ठेवलं गेलं. सगळी मेख इथे आहे.

आणि हे फक्त इथलं नाही. डचांनी 1870 मध्ये जावात जाहीर केलं की ज्या जमिनीची मालकी सिद्ध होत नाही ती राज्याची. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या काँगोत 1885 मध्ये 'मोकळी' जमीन राज्याची ठरली. तीन देश, तीन भाषा, पंधरा वर्षं, आणि जवळजवळ एकच वाक्य. मला विचाराल तर हे वाक्य बंदुकीपेक्षा जास्त चाललं.

इथे एक गोष्ट विज्ञानवाल्यांना आवडेल. जव्हार हे मुकणे घराण्याचं संस्थान होतं, 1948 पर्यंत. शेजारचा मोखाडा मात्र थेट ब्रिटिश ठाणे जिल्ह्यात. डोंगर तेच, पाऊस तोच, माणसंही तीच, राज्य वेगळं. वाटतं ना, तयार कंट्रोल आहे म्हणून? मलाही वाटलं होतं. पण जव्हारवर देखरेख ठाण्याच्या कलेक्टरचीच असे आणि लाकडाच्या व्यापाऱ्याला सीमा नसते. कंट्रोल इतका शुद्ध नाही. तुलना करा, पण आधी हे लिहून टाका.

समर्थनांवर मात्र मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माझी फजिती तिथेच झाली. 'गोऱ्या माणसाचं ओझं', 'सुधारणा', 'रानटी लोकांना शिस्त' ही समर्थनं आज ओळखायला सोपी आहेत. अवघड आहे ते विज्ञानाच्या भाषेतलं समर्थन. 1847 मध्ये मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झालेला अलेक्झांडर गिब्सन सांगत होता की कोकणातले डोंगर बोडके झाले की ओढे आटतात. यात काही खोटं नव्हतं. पण या काळजीतून पुढे जो निष्कर्ष सरकारला सोयीचा ठरला तो असा: जंगल राज्याने सांभाळावं, डोंगरावरचा शेतकरी ते नासतो. जहाज आणि रुळ हिशोबातून गायब, राब भाजणारा आरोपी.

ज्यांना राब माहीत नाही त्यांच्यासाठी: पावसाआधी रोपवाटिकेच्या तुकड्यावर फांद्या, पालापाचोळा, शेण, गवत यांचे थर देऊन वरून माती टाकतात आणि भाजतात. तण मरतं, माती भुसभुशीत होते, मग नागली, वरई, भाताचं रोप तिथे वाढतं. फांद्या छाटतात, सहसा झाड पाडत नाहीत. ठाणे-कुलाब्यात यावरून इतक्या तक्रारी झाल्या की 1885 मध्ये सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल 1887 चा. जोतीराव फुल्यांनी त्याआधीच 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगल खात्यावर टीका केली होती. आणि 1912 मध्ये हॅरॉल्ड मान आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी राब पद्धतीचा रासायनिक अभ्यास प्रसिद्ध केला. म्हणजे आधी बंधनं आली, मातीची नीट तपासणी नंतर.

माझा विषय मोखाड्याकडच्या जंगलातल्या झाडोऱ्याचा बदल. पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी जुन्या वननोंदींवरून 'मूळ स्थिती' ठरवली आणि लिहिलं, 'राब आणि फिरत्या शेतीमुळे ऱ्हास झालेलं जंगल.' समितीतल्या एका मॅडमनी एवढंच विचारलं: "ऱ्हास हा शब्द तुमच्या मोजणीतून आला की नोंद लिहिणाऱ्याकडून?" मी गप्प. घरी आलो तर आजी पावसाआधीच्या राबाची तयारी करत होती. ऐनाची जी झाडं ती वर्षानुवर्षं छाटते, ती माझ्या तक्त्यात 'विकृत खोड' या रकान्यात होती. त्याच झाडांखाली मी लहानपणी खेळलोय.

सिनॉप्सिस परत लिहिला. आता जुन्या नोंदीतल्या प्रत्येक विशेषणासमोर तीन रकाने आहेत: कोणी लिहिलं, कोणत्या वर्षी, त्या वर्षी लाकूड कोणाला हवं होतं. 'पडीक', 'निकृष्ट', 'बेकायदा तोड' हे शब्द माहिती म्हणून घेत नाही, निरीक्षणाचा विषय म्हणून घेतो. झाडांचा घेर, प्रजाती, ठिकाण हे आकडे मात्र वापरतो. मोजणारा साहेब असला तरी त्याची टेप बहुतेक वेळा बरोबर असते. सगळं वसाहतवादी म्हणून फेकून देणारेही मला पटत नाहीत.

2006 च्या वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकेत 'ऐतिहासिक अन्याय' असे शब्द आहेत. तरीही दाव्याच्या फाईलला पुरावे जोडावेच लागतात. मागच्या महिन्यात शेजारच्या पाड्यावरच्या एका काकांची फाईल भरायला बसलो होतो. पुराव्यांच्या यादीपाशी आल्यावर ते म्हणाले, "झाडं दाखवली तर चालतील का? माझ्या बापाने छाटलेली आहेत." कायद्याच्या नियमांत विहीर, दफनभूमी, देवस्थान अशा जागेवरच्या खुणाही पुरावा म्हणून धरल्या आहेत, म्हणून आम्ही आधी त्या लिहिल्या. मग झाडंही लिहिली. घेर मी टेपने मोजून दिले.