दाखल्याविना पदवी

शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसाने बी. ए. व्हावे, ही गोष्ट आपल्या वडीलधाऱ्यांना थट्टेचीच वाटली असती. १९८२ साली हैदराबादेत निघालेल्या देशातील पहिल्या मुक्त विद्यापीठाने ती खरी केली. दाखला नाही? मग प्रवेशपरीक्षा द्या! पहिले कुलगुरू जी. राम रेड्डी, १९८५ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची धुराही त्यांच्याकडेच गेली. छापील पाठ हाती येत. पण नुसत्या पुस्तकावर एकट्याने किती तग धरावा? त्यासाठी ठिकठिकाणच्या महाविद्यालयांतून अभ्यासकेंद्रे. आमच्या मते खरे विद्यापीठ तेथेच. महाराष्ट्राचे मुक्त विद्यापीठ नाशकास निघाले ते १९८९ साली. तोवर किती लेकीसुना मॅट्रिकवर थांबल्या, ते ज्याने त्याने आपल्या घरात मोजावे.