रक्तात निघालेला ‘वात’

मेरी ब्रुंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना ६ ऑक्टोबर २०२५ रोजी वैद्यकाचे नोबेल जाहीर झाले आणि शरीर स्वतःवरच उलटते ही गोष्ट पहिल्या पानावर आली. नगरच्या दवाखान्यांत ती त्याआधीच येऊन बसली आहे, लॅबच्या कागदावरच्या एका ओळीत: ‘एएनए पॉझिटिव्ह’. घरी तिचे मराठी होते, ‘रक्तात वात निघाला’. मग कुणी टोमॅटो बंद करायला सांगते, कुणी पुण्याच्या मोठ्या डॉक्टरचा नंबर देते आणि कुणी इंटरनेटवर ‘ल्युपस’ शोधून रात्रभर जागते.

त्या ओळीमागे घडते ते असे. रक्तातला द्रव पातळ करून मानवी पेशी लावलेल्या काचपट्टीवर टाकतात.   रक्तात पेशीकेंद्राविरुद्धची प्रतिपिंडे असतील तर ती तिथे चिकटतात. वर चमकणारे रसायन सोडले की सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रके हिरवीगार उजळतात. रिपोर्टवरचे १:८० म्हणजे द्रव ८० पट पातळ करूनही ही चमक दिसली. ती बहुधा माणसाच्या डोळ्यांनी वाचली जाते. त्यामुळे एका लॅबचे १:८० दुसरीकडे १:१६० निघाले म्हणून आजार वाढला असे होत नाही.

ही चमक निरोगी माणसांतही सापडते. एंग टॅन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत निरोगी लोकांपैकी ३१.७ टक्के १:४० ला, १३.३ टक्के १:८० ला आणि ५ टक्के १:१६० ला पॉझिटिव्ह निघाले. आता हा हिशेब आपल्या जिल्ह्याला लावून बघा. २०११ च्या जनगणनेत नगरची लोकसंख्या ४५ लाख ४३ हजार होती. त्यातले निम्मेच प्रौढ धरले तरी १:८० ला पॉझिटिव्ह निघू शकणारे तीन लाख होतात. शरीर स्वतःवरच उलटते अशा ल्युपस या आजाराचे प्रमाण मात्र दिल्लीजवळच्या १९९३ च्या पाहणीत लाखात सुमारे तीन होते. त्या हिशेबाने जिल्ह्यात रुग्ण दीडशेच्या आसपास. तो आकडा दसपट कमी पडला असे धरले तरी दीड हजार. बाकीच्या लाखोंना त्या कागदाने धास्तीखेरीज काही मिळायचे नाही.

आमवातासाठी करतात त्या ‘आरए फॅक्टर’ या रक्तचाचणीचीही तीच गत. तो क्षयात, कुष्ठरोगात, यकृताच्या जुनाट संसर्गात आणि नुसत्या म्हातारपणातही पॉझिटिव्ह येतो. उलट खरा आमवात असलेल्या अनेकांत तो निगेटिव्ह असतो.

म्हणून डॉ. अरविंद चोप्रा यांचे काम आठवावे. पुण्याच्या या सांधेरोगतज्ज्ञाने १९९६ मध्ये नगरच्या कर्जत तालुक्यापासून जवळच असलेल्या भिगवणमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ पद्धतीने ४,०९२ प्रौढांची पाहणी केली. सांधे-स्नायूंचे दुखणे सांगणारे १८.२ टक्के निघाले. आमवाताचे रुग्ण मात्र जेमतेम अर्धा टक्का. दुखणारे एवढे आणि खरा आमवात एवढासा, तर दुखते म्हणून प्रत्येकाचे रक्त काढण्यात काय हशील? २००६ च्या चिकुनगुनियानंतर तर साथ ओसरून गेली तरी हातपाय धरलेली माणसे राहिलीच. त्यांच्यात आमवात शोधणे म्हणजे रिपोर्टांची भर.

तरीही ‘वाताचे पॅकेज’ विकले जाते. एएनए, आरए फॅक्टर, युरिक अ‍ॅसिड, सगळे एका सुईत. त्यातला एखादा कागद पॉझिटिव्ह निघतो आणि निदान होण्याआधीच स्टेरॉइडची गोळी सुरू होते. पुढच्या डॉक्टरला मग खरा आजार दिसणेच अवघड होऊन बसते.

कागद टाकून द्या, असे मात्र कुणी समजू नये. पहाटे धार काढायला बसल्यावर बोटे मिटत नसतील, ताठरपणा तासभर हटत नसेल, उन्हाने गालांवर चट्टे उठत असतील, तोंडात वारंवार फोड येत असतील, थंडीत बोटे पांढरी पडत असतील, तर तोच १:१६० वजनदार होतो आणि तिथे उशीर महाग पडतो. अशा वेळी लघवीची साधी तपासणी महागड्या पॅनेलइतकीच मोलाची असते, कारण ल्युपस मूत्रपिंडाला धरतो तेव्हा लघवीत प्रथिने उतरतात, दुखत मात्र काहीच नाही. आमवाताची शंका असेल तर ‘अँटी सीसीपी’ ही चाचणी आरए फॅक्टरपेक्षा नेमकी आहे. एएनए एकदा पॉझिटिव्ह आल्यावर दर तीन महिन्यांनी पुन्हा करण्यात मात्र फक्त खर्च होतो.

भिगवणच्या पाहणीत स्वयंसेवक दारोदार गेले ते सुई घेऊन नव्हे. त्यांच्या हातात माणसाच्या शरीराची आकृती छापलेला कागद होता. कुठे दुखते तिथे खूण करायची, मग डॉक्टरने सांधे दाबून बघायचे. रक्ताचा नंबर त्यानंतर होता.