फऱ्याबागेपासून शिर्डीच्या कमानींपर्यंत

आरामासाठी बांधलेल्या इमारतीच्या दर्शनी बाजूवरून वाद घालणे ही आजची हौस आहे असे वाटत असेल, तर नगरचा इतिहास चाळून पाहावा. निजामशाहीत इथे सुलतानाच्या करमणुकीसाठी उभारलेला एक अख्खा महाल पसंत पडला नाही म्हणून पाडला गेला आणि त्याच बागेत दुसरा बांधला गेला. हा दुसरा महाल १५८३ साली पुरा झाला. तोच फरहबख्श महाल, आपल्या तोंडची फऱ्याबाग. पहिल्या बांधणीशी न्यामतखानाचे नाव जोडले जाते आणि दुसरीशी सलाबतखानाचे. दरबारातल्या चढाओढीचाही या पाडापाडीत हात असावा असे मला वाटते. इमारतीबद्दलचे मत आणि ती बांधणाऱ्याबद्दलचे मत वेगळे ठेवणे तेव्हाही अवघड होते, आजही आहे.

पहिला मुर्तजा निजामशाह १५६५ ते १५८८ गादीवर होता. राज्यकारभारापासून लांब, एकांतात राहण्याकडे त्याचा ओढा होता. या बागेत तो दिल्लीच्या एका गवयाबरोबर बुद्धिबळ खेळत बसे. त्या गवयाला तो फत्तेशहा म्हणे, आणि त्याच्यासाठी याच बागेत लाकड महाल नावाचा स्वतंत्र महाल त्याने बांधवून घेतला. गावाबाहेरची बाग, पाण्याच्या मधोमध महाल, गाणे, बुद्धिबळ आणि पाहुण्यासाठी वेगळे निवासस्थान. आजच्या भाषेत हे रिसॉर्टच.

सोलापूर रस्त्याच्या अंगाला, शहराच्या आग्नेयेला ही वास्तू अजून उभी आहे. दगड, चुना आणि गिलावा एवढ्यावर उभी. चौरस हौदाच्या मध्यभागी महाल, त्याचे चारही कोपरे छाटलेले, म्हणून आकार अष्टकोनी दिसतो. मधे घुमटाचे दालन आणि चार दिशांना चार उंच, खोल कमानी. पुढची बाजू कोणती, मागची कोणती, हा प्रश्नच इथे उरत नाही. कुठूनही आलात तरी समोर तीच भव्य कमान येते. पण ती नुसती दिसायला भव्य नाही. तिची खोली एवढी आहे की उन्हातून आलेला माणूस दालनात शिरण्याआधीच सावलीत येतो. आत-बाहेरच्या मधली ही जागा म्हणजे इथला खरा दरवाजा. त्यात हौदावरून येणारा वारा धरला, तर नगरच्या एप्रिल-मे महिन्यांत या कमानीची किंमत किती होती ते सांगायला नको. पाण्यावरून चालत महालाकडे जायचे, प्रतिबिंब पाहायचे, मग सावलीत थांबायचे आणि मग आत. प्रवेश ही एका क्षणाची नव्हे, टप्प्याटप्प्याने होणारी गोष्ट आहे, हे या रचनेत पक्के ठाऊक होते.

शहाजहानने ताजमहालाची कल्पना इथून उचलली, असे नगरमध्ये अभिमानाने सांगितले जाते. मला ते पटत नाही. मध्ये घुमटाचे दालन, चार बाजूंना चार कमानी आणि छाटलेले कोपरे ही इराणी वळणाची जुनी मांडणी आहे आणि दिल्लीचा हुमायूनचा मकबरा फऱ्याबागेच्या आधीचा आहे. पण फऱ्याबागेला मोठे ठरवायला ताजमहालाच्या शिफारसपत्राची गरज नाही.

या थाटाचा जीव पाण्यात होता. शेंडी, कापूरवाडी, वडगाव अशा आसपासच्या गावांच्या परिसरातून खापरी नळांनी शहराकडे पाणी आणण्याची निजामशाहीतली व्यवस्था प्रसिद्ध आहे. बागा आणि हौद अशाच पाण्यावर पोसलेले. १६०० साली किल्ला मोगलांच्या हाती गेला, पुढे नळांची देखभाल सुटली. आज हौदाच्या कोरड्या तळावरून चालत महालाशी जाता येते आणि प्रवेशाची अर्धी रचना नाहीशी झाली आहे हे पायांनाच कळते.

दर्शनी बाजूचा दुसरा गाजलेला वाद मुंबईचा. १९०३ साली उघडलेले ताजमहाल हॉटेल वास्तुशिल्पज्ञाच्या चुकीने उलटे बांधले गेले आणि त्याने त्या धक्क्याने जीव दिला, ही दंतकथा कित्येकांनी ऐकली असेल. ती साफ खोटी आहे. रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी आराखडा केला आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पुरे केले. मूळ प्रवेश मुद्दाम शहराच्या बाजूला होता, घोडागाड्या तिकडून येत. पुढे प्रवेश समुद्राकडे आला आणि जुन्या प्रवेशाच्या बाजूला आता पोहण्याचा तलाव आहे. इमारत मुळात दमदार असेल तर दरवाजा फिरवला तरी ती तोल सोडत नाही, हे यातून दिसते.

आता शिर्डी. इथे भाविकांच्या मुक्कामासाठी बांधलेल्या सुरुवातीच्या इमारती म्हणजे १९०८चा साठे वाडा आणि १९११चा दीक्षित वाडा. नावाप्रमाणे ते वाडेच होते, थाटाचा प्रश्नच नव्हता. गर्दी वाढली, लॉज आले, हॉटेले आली, १ ऑक्टोबर २०१७ला विमानतळ सुरू झाला आणि त्यानंतर तर जुन्या हॉटेलांच्या दर्शनी भागांचे नूतनीकरण जोरात चालले. कुठे राजस्थानी झरोके, कुठे ग्रीक खांब, कुठे पेशवाई कमान, सगळे फायबरचे, नाहीतर ॲल्युमिनियमच्या पत्र्यांनी मढवलेले. मालकांची बाजू मी ऐकली आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीतल्या माणसाला दोन क्षणांत हॉटेल दिसले पाहिजे, पाहुण्याने दारात फोटो काढला पाहिजे, शेजाऱ्याने कमान केली म्हणून आपल्याला करावी लागते. धंद्याची ही निकड खरी आहे, तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

माझा आक्षेप थाटाला नाही. फऱ्याबागेत थाट काय कमी होता? आक्षेप आहे तो खोली नसलेल्या कमानीला. वीतभर जाडीची कमान भिंतीवर चिकटवली तर तिच्याखाली ना सावली मिळते ना थांबायला जागा. पश्चिमेच्या उन्हात तो पत्रा तापतो आणि त्याची धग नेमकी दारातच लागते. रात्रीच्या गाडीने थकून आलेली, मुले-म्हाताऱ्यांसह बसमधून उतरलेली चाळीस माणसे आपापल्या पिशव्या घेऊन कुठे उभी राहणार? गुळगुळीत ग्रॅनाइटच्या पायऱ्यांवर पाणी सांडले की आजीने पाय कुठे ठेवायचा? चाकाच्या खुर्चीसाठी एकास बारा चढाचा उतार नकाशात असतो, नूतनीकरणात त्यावर कुंड्या येतात. दर्शनी भागाला गुण देताना मी आधी हे पाहतो, झरोके नंतर.

आणि ही सोय करायला लागणारे सामान जिल्ह्यातच आहे. काळा दगड आहे, चुन्याचे काम शिकवता येते, खोल ओसरी आपल्या वाड्यांना परकी नाही. शिर्डीत नवे हॉटेल किंवा जुन्याचे नवे दार आखणाऱ्या वास्तुविशारदाने आधी नगरला यावे, भर दुपारी फऱ्याबागेच्या कमानीत उभे राहावे, तिची रुंदी, उंची आणि मुख्य म्हणजे खोली टेपने मोजून न्यावी. आणि वारसा जपणाऱ्यांनी महालाच्या भिंतींइतकीच हौदाचीही काळजी करावी. निदान पावसाळ्यात तरी त्यात पाणी साठेल एवढी डागडुजी झाली, तर सलाबतखानाने बांधलेला प्रवेश लोकांना पुन्हा पुरता पाहायला मिळेल.