रिझर्व्ह बँकेची शिकवणी

११ जानेवारी २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, वसंतदादा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. त्या दिवशीच्या निवेदनात ठेवीदारांच्या दृष्टीने सर्वांत मोलाची एक ओळ होती: ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना त्यांची संपूर्ण रक्कम ठेव विमा महामंडळाकडून मिळेल. वर्षभर आधीच, ४ फेब्रुवारी २०२० पासून, ठेव विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख रुपये झाली होती. हे आधीपासून माहीत असलेल्या ठेवीदाराला त्या रात्री झोप लागली असेल. ज्याला माहीत नव्हते, त्याच्या घरी सुतक पडल्यासारखे झाले असेल. दोघांच्या परिस्थितीत फरक नव्हता, फरक होता तो फक्त माहितीचा.

ही माहिती घरोघर पोचवणे हे रिझर्व्ह बँक आपले काम मानते. नोटा छापणे, व्याजदर ठरवणे ही तिची कामे सर्वांना ठाऊक आहेत. शिकवणीचे काम मात्र फारसे कुणाच्या नजरेस येत नाही. ग्रामीण शाखांनी दर महिन्याच्या तिसऱ्या शुक्रवारी, कामकाजाची वेळ संपल्यावर, गावात आर्थिक साक्षरतेचे शिबिर घ्यावे असा तिचा दंडक आहे. शेतकरी, लहान उद्योजक, शाळकरी मुले, बचत गट आणि ज्येष्ठ नागरिक हे या शिबिरांचे श्रोते. दरवर्षी आर्थिक साक्षरता सप्ताहही होतो. २०१९ मध्ये त्याचा विषय शेतकरी होता, २०२५ मध्ये महिला.

शिकवण्याची सामग्री तयार करताना रिझर्व्ह बँकेने एक पथ्य पाळले आहे, आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते. तिच्या पुस्तिकांत कुठल्याही एका बँकेचे नाव नसते, कुठली योजना गळ्यात मारलेली नसते. अडचण येते ती शिबिरात. तिथे बोलायला उभा राहणारा अधिकारी शाखेचा असतो. खाती आणि विमा पॉलिसींचे उद्दिष्ट त्याच्या डोक्यावर असते. शिकवणे आणि विकणे यांतली रेघ अशा वेळी पुसट होते. म्हणूनच २०१७ मध्ये स्वयंसेवी संस्थांच्या हाती दिलेली आर्थिक साक्षरता केंद्रे सुरू झाली, हे योग्य झाले. पुढे साधारण तीन तालुक्यांमागे एक केंद्र असे धोरण ठरले.

या सगळ्याखालची चौकट जुनी आहे, आणि तिच्यात मराठी हात आहे. पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांच्या अभ्यासगटाने १९६९ मध्ये सुचवले की बँकांनी क्षेत्र वाटून घेऊन जिल्ह्याजिल्ह्याची जबाबदारी उचलावी. त्याच वर्षीच्या डिसेंबरात प्रत्येक जिल्ह्याची जबाबदारी एका बँकेकडे देणारी अग्रणी बँक योजना आली. आजही जिल्ह्यातल्या शिबिरांचा आणि कर्जवाटपाचा हिशेब अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाकडेच जमतो.

धाराशिवला पैशाचे नवे धडे गिरवण्याची सवय त्याहूनही जुनी. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि बाजारात त्याचाच रुपया, हाली सिक्का, चालायचा. विलीनीकरणानंतर १९५० मध्ये भारतीय रुपया आला, पण हाली लगेच गेला नाही. सात हालीला सहा कलदार, म्हणजे भारतीय रुपये, असा हिशेब ठरला आणि १९५९ पर्यंत दोन्ही चलने कायद्याने मान्य होती. एकाच बाजारात, एकाच धान्याच्या ढिगापुढे, दोन रुपयांचे गणित करायचे! हाली सिक्क्याचा कारभार पाहण्यासाठी १९४१ मध्ये निघालेली हैदराबाद स्टेट बँक १९५६ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या ताब्यात आली, स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेत विलीन झाली.

चलनाबद्दलचा संभ्रम अजूनही संपलेला नाही. दहाचे नाणे दुकानदाराने नाकारल्याचा अनुभव महाराष्ट्रात अनेकांना आहे. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले की दहाच्या नाण्याच्या चौदाही नक्षी वैध आहेत.

पण धाराशिव जिल्ह्याला आज सर्वांत निकडीचा धडा वेगळाच आहे, आणि तो पुरेशा मोठ्या आवाजात शिकवला जात नाही. अलीकडच्या वर्षांत मराठवाड्यात मल्टिस्टेट पतसंस्था बुडाल्या. दोन टक्के जास्त व्याजाच्या आशेने सोयाबीनचे पैसे, निवृत्तीची पुंजी, मुलीच्या लग्नासाठी साठवलेली रक्कम तिथे गेली. पतसंस्थेला रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो, तिथल्या ठेवीला ठेव विमा नसतो. मल्टिस्टेट संस्थांची नोंदणी दिल्लीतल्या केंद्रीय निबंधकांकडे असते. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने इशाराही दिला: काही सहकारी संस्था नावात ‘बँक’ शब्द लावतात, सभासद नसलेल्यांकडून ठेवी घेतात, हे कायद्याविरुद्ध आहे आणि त्या ठेवींना विमा नाही. पण इशारा निघाला निवेदनातून, वर्तमानपत्रातून. गावात पतसंस्थेचा एजंट रोज संध्याकाळी पिग्मी गोळा करायला घरी येतो. ओळखीचा असतो, बहुधा नात्यातलाही. त्याच्यापुढे छापील कागदाचा निभाव लागत नाही.

मग निभाव कशाचा लागेल? बचत गटांचा, असे मला वाटते. १९९३ च्या भूकंपानंतर जिल्ह्याच्या उमरगा-लोहारा भागात बायका पुनर्वसनाच्या कामात उतरल्या, गट उभे राहिले, हिशेबाच्या वह्या त्यांच्या हाती आल्या. महिन्याला दहा-वीस रुपये जमवताना कुणाकडे किती थकले हे तोंडपाठ ठेवणाऱ्या या बायकांना ठेव विमा समजावून सांगायला एक बैठक पुरते. त्या घरी बोलल्या की एजंटलाही उत्तर द्यावे लागते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्हे निवडले तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत धाराशिवही होता, आणि वित्तीय समावेशन हा त्या कार्यक्रमाचा एक निकष आहे. खाती किती उघडली हे तिथे मोजले जाते. ठेव कुठे सुरक्षित आहे हे किती जणांना कळले, हेही मोजायला हवे.

तोवर एवढे करा. ठेव ठेवण्यापूर्वी काउंटरवर सरळ विचारा: रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे का, ठेव विमा आहे का? विमा असलेल्या बँकांची यादी ठेव विमा महामंडळाच्या संकेतस्थळावर आहे. घरातल्या शिकत्या मुलाला ती उघडायला सांगा. त्या यादीत नाव सापडले नाही, तर व्याजदर कितीही असो, पैसे घेऊन घरी या.