पणजोबा फौजदार, पण कोणाचे?

“आमचे पणजोबा राणीच्या अमदानीत फौजदार होते,” असे पुष्कळ घरांत अभिमानाने सांगतात. श्रोतेहो, राणी व्हिक्टोरिया १८३७ ते १९०१ राज्यावर होती खरी. पण धाराशिवचा मुलूख निजामाचा! १८५३ ते १८६० एवढाच काळ नळदुर्ग जिल्हा इंग्रजांकडे होता. मेडोज टेलर तेथे होते ते तेव्हाच. पण त्याही वेळी वरचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटाकडे. मग मुंबईचे दप्तर धुंडाळून काय हाती लागणार? शोध हैदराबादेस करावा, आणि ‘फौजदार’ नव्हे, ‘अमीन’ या हुद्द्याखाली. कागद आधी फारशीत, पुढे उर्दूत. साल फसली असते. १३०० फसली म्हणजे १८९०-९१. पगारपत्रक मिळाले तर प्रथम ते वाचावे. मी कामगारांतला माणूस, वंशावळीपेक्षा माझा भरवसा त्यावर. तिथे साध्या शिपायाचेही नाव लागते.