जकात, सील आणि भरवसा

जकात हा शब्द मुळात अरबी. आमच्या घरी जकात म्हणजे वर्षाकाठी गाठीला उरलेल्यातून शेकडा अडीच गरिबांना द्यायचे. हिशेब ज्याचा त्याने करायचा, तपासायला इन्स्पेक्टर येत नाही. मराठीत मात्र जकात म्हटली की नाका आठवतो, आडवा दांडा आणि ट्रकांची रांग. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि मुंबईचे जकात नाके उठले. देशाच्या वेशीवरचा नाका, म्हणजे कस्टम, तो राहणारच. गंमत अशी, की त्या नाक्यावर घरच्या जकातीची रीत शिरली आहे. 2011 पासून मालावरचे शुल्क आधी व्यापाऱ्यानेच आकारायचे, असा कायदा आहे. खाते नंतर पडताळते.

एवढा भरवसा कशासाठी? न्हावा शेवा बंदरातून 2023-24 या एका वर्षात वीस फुटी हिशेबाने 64 लाखांहून अधिक कंटेनरांची ये-जा झाली. प्रत्येक उघडायचा म्हटला तर बंदर बंद पडेल. नाशिकची द्राक्षे थंड कंटेनरात निघतात. दार उन्हात उघडे राहिले की त्यांचे काय होते ते बागाईतदाराला विचारा.

पण न उघडणेही महागात पडते. सप्टेंबर 2021 मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात दोन कंटेनरांतून सुमारे तीन हजार किलो हेरॉइन सापडले. कागदावर माल होता शंखजिरे!

मग उघडायचा कुणाचा? अमेरिकेने 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर दोनच महिन्यांत, नोव्हेंबर 2001 मध्ये, व्यापाऱ्यांनाच पहाऱ्यात भागीदार करून घेतले. जागतिक सीमाशुल्क संघटनेने 2005 साली हीच कल्पना सर्व देशांपुढे ठेवली. आपल्याकडे ती 2011 ला आली आणि 2016 मध्ये तिला आजचे रूप मिळाले. नाव लांबलचक, ‘ऑथोराइज्ड इकॉनॉमिक ऑपरेटर’. आपण ‘पारखलेला व्यापारी’ म्हणू. त्याचे हिशेब स्वच्छ हवेत, शुल्क चुकवल्याचा डाग नको, गोदामाला कुंपण हवे, कामावरच्या माणसांची माहिती हवी, माल कोणी भरला याची नोंद हवी. बदल्यात त्याचे कंटेनर कमी वेळा उघडले जातात आणि वरच्या पायऱ्यांवरच्यांना शुल्क नंतर भरण्याची मुभा मिळते. सप्टेंबर 2021 मध्ये भारत-अमेरिका करारावर सही झाली. इकडे पारखलेला व्यापारी तिकडेही पारखलेला मानावा, असा त्याचा अर्थ.

लहान कारखानदाराला हे सगळे झेपते का, ही माझी शंका. वर्षाला किमान 25 आयात-निर्यातीचे कागद हवेत, अशी अट होती. लघुउद्योगांसाठी 2020 मध्ये ती 10 वर आणली. हे बरे झाले. पण कुंपण, कॅमेरे आणि कागद सांभाळणारा माणूस यांचा खर्च काही अटीबरोबर उतरत नाही.

आणि नुसत्या कागदाने वेस राखली जात नाही. 1993 च्या सुरुवातीला रायगडच्या किनाऱ्यावर दिघी आणि शेखाडीला शस्त्रे व आरडीएक्स उतरले. 12 मार्चला मुंबईत 257 माणसे गेली. त्या खटल्यात पुढे कस्टमचे अधिकारीही दोषी ठरले. तिथे यंत्र कमी पडले नव्हते.

आज कारखान्यातच कंटेनर भरून निर्यातदार स्वतः सील लावतो. बोटभर पोलादी खिळा, एकदा बसला की कापल्याशिवाय निघत नाही. 2017 पासून त्यात इलेक्ट्रॉनिक चिपही असते. बंदराच्या फाटकावर यंत्र ती वाचते आणि मध्ये छेडछाड झाली असेल तर कळते. कारखाना ते फाटक, मधली रात्र मात्र ड्रायव्हरच्या हातात. प्रमाणपत्र कंपनीच्या नावे, सवलत कंपनीला. कुठे थांबायचे, ट्रक कुणाच्या नजरेत ठेवायचा, हे त्याला किती जण नीट बसवून सांगतात? त्याच्या नावाची एखादी पायरी या योजनेत असती तर मला अधिक भरवसा वाटला असता.